'नाऊअडेज' आणि आपले 'हल्ली'

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नववी-दहावीच्या मुलामुलींचे इंग्रजी निबंध तपासण्याचे काम आमच्याकडे आले. मुले नांदेड आणि लातूरकडची. काही शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली, काही वसतिगृहात राहून मराठी शाळेत जाणारी. विषय ज्याचा त्याने निवडावयाचा होता. कोणी पाण्यावर लिहिले होते, कोणी मोबाइलवर, कोणी आईवर. विषय वेगळे, हस्ताक्षरे वेगळी; पण बहुतेक निबंधांचा पहिला शब्द एकच होता: 'नाऊअडेज'. कोणी तो जोडून लिहिला होता, कोणी त्याचे तीन तुकडे केले होते. पाच-सात निबंध झाल्यावर आम्ही पहिली ओळ वाचणेच सोडून दिले. मग मात्र आमची आम्हालाच लाज वाटली. गठ्ठा बाजूला ठेवला आणि त्या एका शब्दाचाच विचार करीत बसलो. हे टिपण त्या विचारातून झाले आहे.

शब्द इंग्रजीत जुना आहे. चौदाव्या शतकापासून लिखाणात आढळतो. 'नाऊ' म्हणजे आता, हे उघड आहे. पुढच्या 'अ'चा मात्र 'एक' या अर्थाच्या 'अ'शी काही संबंध नाही. 'अलाइव्ह', 'अस्लीप' या शब्दांच्या आरंभी जो 'अ' आहे तोच हा; एका शब्दयोगी अव्ययाचा झिजून उरलेला अवशेष. शेवटचे 'एस' हे अक्षरही अनेकवचनाचे नव्हे. जुन्या इंग्रजीत नामाला षष्ठीचा प्रत्यय लावून क्रियाविशेषण करीत, त्यातले ते उरले आहे. 'ऑल्वेज' या शब्दाच्या शेवटीही तेच बसले आहे. तेव्हा 'नाऊ अ डेज' असे तीन तुकडे पाडणाऱ्या मुलाने आज चूक केली असली तरी शब्दाचे सांधे त्याने बरोबर हेरले होते. गुण मात्र कापावेच लागले.

अर्थ सांगावयाचा तर 'आजच्या काळात' एवढ्याने भागत नाही. या शब्दात एक तुलना दडलेली असते. 'नाऊअडेज' म्हटले की बोलणाऱ्याच्या मनात एक 'पूर्वी' उभा असतो. पूर्वी असे नव्हते, आता असे असते. दुसरे म्हणजे, तो शब्द एकदाच घडलेल्या गोष्टीला चालत नाही. जे वारंवार घडते, जी रीत पडली आहे, त्यालाच तो लागतो. एका मुलाने आपल्या काकांच्या निधनाविषयी लिहिताना 'नाऊअडेज माय अंकल डाइड' असे लिहिले होते. त्याच्या मनात 'अलीकडेच काका वारले' हे मराठी वाक्य होते. मराठीतला 'अलीकडे' दोन्ही कामे करतो. अलीकडे काका वारले, आणि अलीकडे पाऊस उशिरा येतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला 'रीसेंटली' लागते, दुसऱ्याला 'नाऊअडेज'.

दुसरी चूक अधिक सार्वत्रिक होती: 'नाऊअडेज चिल्ड्रन'. शिक्षक ही चूक लाल शाईने खोडतात आणि मुलाला व्याकरण येत नाही असे म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. मुलाला व्याकरण येते, पण ते मराठीचे. आपण 'हल्ली'ला खुशाल 'चा' लावतो. हल्लीची मुले, आजकालच्या सुना, आताचे फादर. मराठी क्रियाविशेषण एका प्रत्ययाने विशेषण होते. इंग्रजीत या शब्दाला ती सवलत नाही. तो नामापुढे उभा राहू शकत नाही. गंमत अशी की, तेच दोन शब्द उलटे केले आणि 'चिल्ड्रन नाऊअडेज' असे लिहिले तर ते शुद्ध होते. एवढी एक गोष्ट कोणी फळ्यावर नीट समजावून दिली असती तर निम्मी लाल शाई वाचली असती.

पण भाषांतराचा खरा पेच याहून खोल आहे. 'नाऊअडेज'ला मराठीत शब्द कोणता? शब्दकोश उघडला तर हल्ली, सध्या, आजकाल, अलीकडे, सांप्रत अशी रांगच लागते. जणू ही एकाच घरातली भावंडे, कोणालाही हाक मारली तरी चालेल. आम्हाला हे मान्य नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या मोठ्या व्याकरणग्रंथात अव्ययांचा सविस्तर विचार केला. पण कालवाचक क्रियाविशेषण म्हणून एका वर्गात बसणारे दोन शब्द वापरात किती दूर असू शकतात, हे घरात कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही.

आमच्या ओळखीची एक माउली आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिचा थोरला मुलगा दहावीनंतर तंत्रशिक्षण घेऊन पुण्यास कामाला गेला. रविवारी मिस्सा झाल्यावर कोणी विचारले की ती सांगे, "पोरगा सध्या पुण्याला आहे." पहिले वर्ष गेले, दुसरे गेले. मुलाने तिकडे खोली घेतली, लग्न झाले, सूनही तिकडेच नोकरीला लागली. माउलीचे उत्तर तेच. सध्या पुण्याला आहे. आणि मग एका नाताळात, तो येऊन गेल्यानंतरच्या रविवारी, आम्ही सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "हल्ली तो तिकडंच असतो." शब्द दोनच बदलले होते: 'सध्या'च्या जागी 'हल्ली' आणि 'आहे'च्या जागी 'असतो'. आम्ही काही बोललो नाही. 'सध्या'त परत येण्याची वाट असते. 'हल्ली'त ती वाट मोडलेली असते. पूर्वी तो इथे असे, आता तिथे असतो, आणि हे असेच चालणार, हे बोलणाऱ्याने मान्य केलेले असते. 'ॲट प्रेझेंट' आणि 'नाऊअडेज' यांतला फरक कोणास शिकवावयाचा असेल तर त्याने ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत.

याच जिल्ह्याने हा फरक गावच्या गावे सोसला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपत असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसे गेली. जे वाचले ते पत्र्याच्या शेडमध्ये राहावयास गेले. शेड 'सध्या'साठी होती. कागदोपत्री तिचे नावच तात्पुरता निवारा. पुढे पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी उभी राहिली. पण त्या मधल्या काळात पत्र्याखाली उन्हाळे गेले, पावसाळे गेले, पाळणे हलले, मयती झाल्या. ज्यांच्या तोंडी 'सध्या शेडमध्ये आहोत' हे वाक्य होते त्यांच्याच तोंडी ते कधीतरी 'हल्ली शेडमध्ये राहतो' असे झाले असणार. सरकारी कागदावर या दिवसाची नोंद होत नाही.

'हल्ली' हा शब्द मराठवाड्याला तसा परका नाही. उलट इतरांपेक्षा आपल्याला तो अधिक जवळचा असावा. मूळ शब्द अरबी 'हाल', म्हणजे वर्तमान स्थिती. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचे स्वतःचे नाणे होते, चारमिनारचे चित्र असलेले. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे चालू, सध्या चलनात असलेला. इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत, आणि ६ कलदार म्हणजे ७ हाली असा ढोबळ हिशोब असे. आपल्या आजोबांच्या पिढीला तो तोंडपाठ होता. राज्य विलीन झाले आणि १९५० च्या दशकात हाली सिक्काही गेला. ज्याचे नावच 'हल्लीचा' असे होते ते नाणे आता जुन्या वस्तू जमविणाऱ्यांच्या डबीत सापडते.

त्याच 'हाल'ने मराठीत आणखी एक रूप घेतले. हिंदी-उर्दूत 'क्या हाल है' म्हटले की नुसती विचारपूस होते. मराठीत 'हाल झाले' म्हटले की कष्ट, यातना. नुसती स्थिती सांगणारा शब्द आपल्याकडे येऊन दुःस्थिती सांगू लागला. 'हल्ली' म्हटले की पुढे काहीतरी तक्रार येणार असे जे ऐकणाऱ्याला वाटते, त्याचे मूळ या नात्यात असेल असे आम्ही म्हणणार नाही. भाषाशास्त्र इतके सोपे नसते. पण नाते आहे खरे.

जाता जाता आणखी एका शब्दाविषयी. इंग्रजीत 'प्रेझेंटली' असा एक शब्द आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात मत्तयाच्या २१ व्या अध्यायात प्रभू अंजिराच्या झाडाला शाप देतात आणि ते झाड 'प्रेझेंटली' वाळून जाते, म्हणजे तत्क्षणी. पुढे त्या शब्दाचा अर्थ 'थोड्या वेळाने' असा झाला. 'आत्ता येतो' म्हणणारी माणसे सर्व देशांत सारखीच असावीत. त्यांनीच तो शब्द सैल केला. आपला 'तूर्त' याच वाटेने गेला. संस्कृतात त्याचा अर्थ त्वरित. मराठीत 'तूर्तास एवढे घ्या', म्हणजे बाकीचे पुढे केव्हातरी. 'सध्या'ही मूळचा 'सद्यः', त्याच दिवशी, लगेच. घाईचे शब्द असे सवडीचे होतात. असो.

पुन्हा निबंधांकडे येऊ. लातूरची मुले अभ्यासात मागे नाहीत, हे कोणास सांगावयास नको. 'लातूर पॅटर्न' हे शब्द महाराष्ट्रभर कौतुकाने उच्चारले गेले, एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत या गावाची नावे झळकली, आणि आज नांदेड-लातूरच्या शिकवणीवर्गांसाठी दूरदूरची मुले खोल्या घेऊन राहतात. त्या मेहनतीला आम्ही नावे ठेवीत नाही. पण निबंध हा प्रकार त्या पद्धतीत फार वाईट सापडला आहे. त्याचा आरंभ पाठ, मध्य पाठ, शेवट पाठ. मराठीत 'आजच्या धकाधकीच्या युगात', इंग्रजीत 'नाऊअडेज'. हा शब्द तेथे अर्थासाठी येत नाही. दाराशी पायपुसणे असावे तसा येतो.

पाण्यावरचा निबंध घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. ११ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी निघाली. १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातुरास पोहोचली. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या आल्या. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती छायाचित्रे छापली. आज ही मुले निबंध लिहीत आहेत, ती तेव्हा बालवाडीच्या वयाची होती. घागरी आणि ड्रम यांच्या रांगेत आईच्या पदराला धरून उभी राहिलेली. त्यांच्या निबंधात काय आहे? 'नाऊअडेज वॉटर इज अ बिग प्रॉब्लेम.' मग पाणी हे जीवन आहे, मग झाडे लावा. ना गाडी, ना घागर, ना रात्री दोनला उठविणारी आई. हे वाक्य लंडनचा मुलगा लिहू शकेल, लातूरच्या मुलाने लिहिण्याचे कारण नाही. ज्या शब्दाने 'पूर्वी' आणि 'आता' यांतला फरक दाखवावयाचा, त्याच शब्दाने मुलांनी स्वतःचा 'पूर्वी' पुसून टाकला आहे.

मुलांना बोल लावण्यापूर्वी आपल्याकडेही पाहिले पाहिजे. नांदेड हे नरहर कुरुंदकरांचे गाव. त्या परखड समीक्षकाच्या गावात आपल्याच लेखणीची झडती घेण्यास आम्ही संकोचू नये. आपल्या प्रवचनांत, धर्मग्रामाच्या पत्रकांत, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या स्वतःच्या जुन्या लेखांत, 'हल्ली' किती वेळा येतो? हल्ली घरोघरी जपमाळ होत नाही. हल्ली तरुण मिस्सेला मागे उभे राहतात. हल्ली लग्नांत खर्च फार. यांतली काही विधाने खरीही असतील. आमची तक्रार एवढीच की, 'हल्ली' म्हणणारा 'पूर्वी'चा पुरावा देत नाही. मराठवाड्यातला आपला धर्मप्रांत स्थापन झाला १९७७ साली. अनेक खेड्यांत आजच्या आजोबांनीच लहानपणी प्रथम जपमाळ हाती धरली. मग ज्या 'पूर्वी' प्रत्येक घरात सायंप्रार्थना होत होती तो काळ नेमका कोणता, हे विचारावयास नको काय? उपदेशकाच्या पुस्तकात ७ व्या अध्यायाच्या १० व्या वचनात, पूर्वीचे दिवस याहून बरे का होते असे विचारणे शहाणपणाचे नव्हे, असे बजाविले आहे. तेव्हाच्या लोकांनाही ही खोड होती म्हणावयाची.

'हल्ली तरुण मागे उभे राहतात' या वाक्यात आणखी एक अडचण आहे. त्यात कोणीच सापडत नाही. कोण मागे उभा होता, का होता, रात्रपाळी करून आला होता काय, हे विचारावयाची जबाबदारी त्या एका शब्दाने संपते. 'गेल्या रविवारी अमुक मागे उभा होता' असे म्हटले तर त्याच्याकडे जावे लागेल, बोलावे लागेल. 'हल्ली' म्हटले की जावे लागत नाही.

आणि तरी रोजच्या तोंडातली आपली सर्वांत ओळखीची प्रार्थना पाहा. पवित्र मरियेला केलेल्या विनवणीचा उत्तरार्ध आज आहे त्या रूपात १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आला. त्यात काळ दोनच आहेत. एक 'आता', दुसरा मरणाची घटका. लॅटिनमध्ये 'नुंक', इंग्रजीत 'नाऊ', आपल्याकडे 'आता'. त्या जागी कोणत्याही भाषांतरकाराने 'हल्ली' घातला नाही, 'सध्या' घातला नाही. घालून पाहिला तर कानाला लगेच खटकते. 'हल्ली'त विनवणी करता येत नाही, फक्त वर्णन करता येते. देवळात शिमोन म्हातारा बाळाला हातांवर घेऊन बोलू लागतो तेव्हा त्याचा पहिला शब्दही 'आता' हाच आहे, लूक २:२९. आयुष्यभर वाट पाहिलेला माणूस. 'पूर्वी'विषयी बोलावयाचे तर त्याच्यापाशी पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गठ्ठा पुन्हा हाती घेतला. तळाशी नववीतल्या एका मुलीचा निबंध होता. विषय 'माय फादर'. आरंभ 'नाऊअडेज'ने नव्हता, वडिलांच्या उंचीने होता. ते उंच आहेत, त्यांना दारातून वाकून यावे लागते. मग ते पूर्वी रोज तिला सायकलवर शाळेत सोडीत, हे होते. मग ते बांधकामाच्या कामावर दूर गेले, हे होते. आणि मग हे वाक्य: 'नाऊअडेज ही कम्स होम ओन्ली ॲट ख्रिसमस.' साऱ्या गठ्ठ्यात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी नीट बसला होता. पूर्वी होता, आता नाही. एकदा घडले असे नव्हे, रीतच पडली आहे. क्रियापद साध्या वर्तमानकाळात, जसे हवे तसे. व्याकरणाची पुस्तके जे उदाहरण शोधीत असतात ते या मुलीने कोणाला न विचारता लिहिले होते.

आदल्या दिवशी गठ्ठा चाळताना तो निबंध आमच्या हाताखालून एकदा गेला होता. त्या वेळी आम्ही शब्द पाहिला, वाक्य पाहिले नाही. आणि कंटाळ्याच्या भरात त्याखाली लाल रेघ ओढून ठेवली होती. ती खोडून समासात 'बरोबर' असे लिहिले आणि कापलेला गुण परत दिला. निबंध परत देताना फादरांना एवढेच सांगितले की, या मुलीचे वडील येत्या नाताळात आले तर आम्हाला त्यांना भेटावयाचे आहे. ते म्हणाले, "सर, ते सव्वीस तारखेच्या गाडीने परत जातात. पंचविसालाच या."